वैऱ्याइतकं बारीक आपल्याकडे कोण बघतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर इतर लिहिणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. विलेपार्ले पूर्वेतली १९६०च्या दशकातली एक सोसायटी. तळमजला अधिक तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मृण्मयी, वय एकतीस, सोसायटीची सेक्रेटरी. पुनर्विकासाला तिचा ठाम विरोध. कौस्तुभ तिच्याच वयाचा, गुडघेदुखीने बेजार झालेल्या आईसाठी बंगळुरूहून परत आलेला. इमारत पाडून नवी बांधायचीच म्हणून हट्टाला पेटलेला. भांडता भांडता दोघं प्रेमात पडतात, अशी तुमची हलकीफुलकी कादंबरी. चौदा प्रकरणं लिहून झाली आहेत. ज्या तिघींनी वाचली त्यांना भांडणं आवडली, पण ‘ही त्याच्या प्रेमात का पडली ते कळलंच नाही’ असं तिघीही म्हणाल्या. शिवाय एकीने विचारलं, की हा माणूस जिन्यात तिची वाट अडवतो तेव्हा ती पोलिसांत का जात नाही? आता भांडणं कमी करू की प्रेमाचे प्रसंग वाढवू, हा तुमचा प्रश्न.

दोन्ही करू नका. तुमच्या कादंबरीत प्रेम कमी पडलेलं नाही, वैर कमी पडलं आहे. मी गेली बावीस वर्षं कादंबऱ्यांचं संपादन करते, स्वतःच्याही चार लिहिल्या, आणि या जातीच्या कथेत हा घोटाळा मी सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे. लेखकाला वाटतं, दोघांनी एकमेकांना टोमणे मारले की वैर झालं. टोमणे तर आपण रिक्षावाल्यालाही मारतो आणि पाच मिनिटांत विसरतो. वैरात माणूस विसरत नाही. समोरच्याला हरवायचं असतं, म्हणून त्याच्यावर सतत नजर असते: तो कधी चिडतो, कधी खोटं बोलतो, कुठल्या पायरीवर थांबून दम घेतो. आपल्याकडे इतकं बारकाईने एक तर आई बघते, नाही तर वैरी. ‘वैऱ्याचं प्रेमात रूपांतर’ वाचकाला पटतं ते याच कारणाने. प्रेमाला लागणारं सगळं लक्ष आधीच तिथे साठलेलं असतं. ते तुमच्या पानांवर दिसत नाही, म्हणून नवव्या प्रकरणातलं चुंबन आभाळातून पडल्यासारखं वाटतं.

तुमच्या चौथ्या प्रकरणातलं वाक्य घेते. कौस्तुभ म्हणतो, ‘तुमच्यासारख्या बायकांमुळेच या देशात काही होत नाही.’ हे वाक्य तो बँकेतल्या बाईला म्हणू शकतो, रेल्वेच्या खिडकीवर म्हणू शकतो. माझी पहिली प्रेमकथा एका संपादकाने परत पाठवली तेव्हा त्यांनी प्रत्येक अपमानाखाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात एकच शेरा लिहिला होता: ‘हे कुणालाही म्हणता येईल.’ तेव्हा रात्रभर रडले होते. पण त्यानंतर मी प्रत्येक हस्तलिखित त्याच पेन्सिलीने वाचते. तुम्हीही तसं वाचा. जो टोमणा उचलून दुसऱ्या कुणावर चिकटवता येतो, तो काढून टाका.

त्याजागी काय येईल? कौस्तुभला असं म्हणू द्या: ‘सेक्रेटरीबाई, नोटिशीत तुम्ही एकदा “कृपया” लिहिता तेव्हा ती विनंती असते. दोनदा लिहिता तेव्हा तुम्हाला राग आलेला असतो.’ यात अपमान आहेच, पण तो फक्त मृण्मयीचाच होऊ शकतो. हा माणूस फलकावरच्या तिच्या नोटिसा वाचतो, नुसत्या वाचत नाही तर मोजून वाचतो, हे तिला कळतं. त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. वाचकाला मात्र तेव्हाच हसू फुटतं. पुढे अकराव्या प्रकरणात पाण्याच्या टाकीबद्दलची साधी नोटीस लागते आणि तिच्यात ‘कृपया’ चार वेळा असतं. येणारे-जाणारे वाचून पुढे जातात, कौस्तुभ एकटा फलकापाशी थांबतो आणि उलटा फिरून तिची बेल वाजवतो. आता तिच्या प्रेमात पडण्यासाठी त्याला एकही गोड वाक्य बोलायची गरज उरली नाही.

एक सराव सुचवते. सोसायटीत तक्रार वही असते ना, तशा दोन वह्या करा. एकीत मृण्मयीच्या कौस्तुभबद्दलच्या वीस तक्रारी, दुसरीत त्याच्या तिच्याबद्दलच्या वीस. ‘उद्धट आहे’, ‘हट्टी आहे’ असलं काही लिहायचं नाही. ‘दर रविवारी सकाळी सात वाजता जिन्यात फोनवर मोठ्याने बोलतो’ असं लिहायचं. मग त्या वीसांपैकी अशा तीन शोधा, ज्या शेवटी तिला हव्याहव्याशा वाटतील. तो जिन्यात मोठ्याने बोलतो, कारण घरात आई नुकती झोपलेली असते. रात्रभर गुडघ्यांनी तिला झोपू दिलेलं नसतं. तक्रार तीच राहते, तिच्यामागचं कारण कळलं की तिचं वजन बदलतं. स्वभाव बदलून प्रेम जमवायचं नाही, ही या प्रकारातली सर्वांत मोठी शिस्त. शेवटच्या पानावरही कौस्तुभ मोठ्यानेच बोलला पाहिजे.

आता भांडणाच्या विषयाकडे येते, कारण विषय तुम्ही फार चांगला निवडला आहे आणि तो वाया घालवला आहे. पुनर्विकास तुमच्या कादंबरीत नुसता पडद्यासारखा मागे टांगला आहे. मृण्मयीचा विरोध का, तर ‘आठवणी’. कौस्तुभला हवं का, तर ‘प्रगती’. हे दोन्ही शब्द भाषणातले आहेत. अशी भांडणं लटकी होतात, कारण दोघांपैकी एकालाही काही गमवायचं नसतं. दोघंही बरोबर असतील असं भांडण उभं करा. त्याचं बरोबर सोपं आहे: आई तिसऱ्या मजल्यावरून दोन महिन्यांत एकदा खाली उतरते, तीही दवाखान्यात जायला. जिन्यातल्या छताचं प्लास्टर सुटलं आहे. तिचंही तितकंच वजनदार करा. पार्ले विमानतळाच्या फनेल झोनमध्ये येतं, म्हणजे विमानं उतरायच्या वाटेखाली, त्यामुळे तिथे इमारतीच्या उंचीवर मर्यादा येतात. उंची कमी म्हणजे बिल्डरला विकायला मजले कमी. म्हणूनच तिथले कितीतरी प्रस्ताव अडून बसतात. आणि तुमचा बिल्डर मात्र चौदा मजल्यांचं रंगीत चित्र घेऊन आला आहे. मृण्मयीने विचारायला हवं, ‘उंचीची परवानगी कुठे आहे?’ शिवाय तिच्या आईचे वडील असाच पुनर्विकास रखडून, बिल्डरने भाडं देणं थांबवल्यावर, परक्या घरात वारले असतील, तर तिच्या ‘नाही’मागे अख्खा माणूस उभा राहतो.

नियमसुद्धा वाचून काढा. ते रुक्ष वाटतात, पण विनोदी कादंबरीसाठी सोन्याची खाण आहेत. शासनाच्या २०१९च्या निर्णयानुसार पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. त्याआधी तीन-चतुर्थांशाची अट होती. चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत याचा अर्थ तेरा मतं. बारा-बारावर गाडी अडली की तेरावं मत कुणाचं, हा प्रश्न तुम्हाला शंभर पानं पुरेल. तळमजल्यावरच्या आजोबांना जिन्याशी काही देणंघेणं नाही, पण त्यांच्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरतं. ते कुणाकडे झुकतील? त्यांच्याकडे दोघंही रोज संध्याकाळी पोहे खायला जाऊ लागतात आणि एके दिवशी एकाच वेळी पोचतात. हा प्रसंग मला तुमच्याकडून वाचायचा आहे.

दुसरी गंमत. फ्लॅट कौस्तुभच्या आईच्या नावावर आहे, असं तुम्हीच दुसऱ्या प्रकरणात लिहिलं आहे. मग तो सभासदच नाही. सर्वसाधारण सभेत उठून भाषण करायचा त्याला हक्क नाही. तुम्ही त्याला अडीच पानांचं भाषण दिलं आहे आणि मृण्मयी खाली मान घालून ऐकते. ती सेक्रेटरी आहे हो, तिला नियम पाठ असतील! तो प्रसंग असा होईल:

‘आपण सभासद आहात का?’

‘मृण्मयी, मी कौस्तुभ. तुझ्या सायकलवरून पडून माझा दात गेलाय.’

‘दाताची नोंद सोसायटीकडे नाही. आपण सभासद आहात का?’

मग त्याला सहयोगी सभासदत्वासाठी अर्ज करावा लागेल, तो अर्ज तिच्याकडेच जाईल, ती त्यात तीन चुका काढेल आणि त्या तिन्ही खऱ्या असतील. नायिका नियमाने बरोबर आणि नायक मनाने बरोबर, अशी पहिली टक्कर झाली की वाचक दोघांच्याही बाजूने बसतो. हलक्याफुलक्या कथेत मला तरी एवढंच हवं असतं.

आणि सगळ्यात मोठं घबाड: बिल्डर निवडायच्या विशेष सर्वसाधारण सभेला सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयाचा सरकारी अधिकारी हजर असतो आणि सभेचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं. इतिवृत्त लिहिण्यासाठी मृण्मयी ते चित्रण रात्री घरी बसून पुन्हा बघते. कोण काय बोललं ते टिपत असते. आणि तिला दिसतं, की पावणेदोन तासांच्या सभेत ती बोलत नसतानाही कौस्तुभ तिच्याकडेच बघतो आहे. ती मागे जाऊन पुन्हा बघते. मग तिला आणखी काही दिसतं: त्याने मान वळवली की त्याच क्षणी आपण त्याच्याकडे बघतो आहोत. वैऱ्यांचं एकमेकांवर असलेलं लक्ष सरकारी नियमाने चित्रित झालं, हा पुरावा सोसायटीच्या दप्तरात कायमचा राहणार, आणि तो जपून ठेवायची जबाबदारी तिचीच. प्रेम जाणवण्याचा क्षण इथे घ्या. चुंबन नंतर पुष्कळ वेळ आहे.

एक चूक जाता जाता. तिसऱ्या प्रकरणात खिडकीतून पार्ल्याच्या बिस्किटांचा वास येतो. तुमची कथा आजची आहे आणि तो कारखाना २०१६ साली बंद झाला. पण वाक्य खोडू नका, त्याचा उपयोग करा. कौस्तुभ २०१५ साली बंगळुरूला गेला असेल, तर परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो नुसतं म्हणेल, ‘वास का येत नाही?’ आणि कशाचा, ते मृण्मयीला विचारावं लागणार नाही.

आता वाट अडवण्याबद्दल. तुमची मैत्रीण अगदी बरोबर बोलली. आपल्याकडे पडद्यावर पिढ्यानपिढ्या पाठलागालाच प्रेम म्हटलं गेलं, आणि ते आपल्या हातात इतकं मुरलं आहे की लिहिताना कळतही नाही. २०१३ पासून पाठलाग हा कायद्यानेही स्वतंत्र गुन्हा आहे. पण मी कायद्यासाठी सांगत नाही, कथेसाठी सांगते. ज्या क्षणी नायिकेला भीती वाटते त्या क्षणी भांडण संपतं, कारण भांडायला दोघं समान उंचीवर लागतात. मग तिने दिलेलं प्रत्येक सडेतोड उत्तर वाचकाला धाडस वाटतं, खेळ वाटत नाही. जिन्यात कुणी कुणाला अडवायचंच असेल तर मृण्मयीला अडवू द्या: हातात पावतीपुस्तक, मेंटेनन्स थकलेला. आणि त्याच्या तोंडचे काही टोमणे मला पूर्ण काढायला हवेत. रंग, जाडी, आडनाव, जात, मोडलेलं लग्न, वडिलांचा धंदा. ज्या गोष्टी माणसाला बदलता येत नाहीत किंवा ज्या जखमा आहेत, त्यांवर एकही शब्द नको. सहाव्या प्रकरणात तो तिच्या मोडलेल्या साखरपुड्यावर बोलतो. ते वाक्य राहिलं तर पुढची दोनशे पानं तुम्ही त्याच्यासाठी माफी मागत बसाल. वॉचमनशी, भाजीवाल्या मावशींशी, आईशी तो कसा बोलतो हेही बघा. मृण्मयीशी तिखट आणि बाकी साऱ्या जगाशी मऊ असेल, तरच तो तिखटपणा खास तिच्यासाठी राखून ठेवलेला वाटतो.

आता मराठीची खरी श्रीमंती. इथे मी थोडी जास्त वेळ थांबणार आहे, कारण तुम्ही ती हाताशी असून वापरली नाही. तुमच्या हस्तलिखितात दोघं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ‘तू’ म्हणतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे दोघांमधलं अंतर दाखवायला एकच ‘यू’ असतो; बिचाऱ्याला सगळं इतर शब्दांवर निभावावं लागतं. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे, आणि क्रियापदाच्या शेपटीतसुद्धा नातं दिसतं. एका आवारात वाढलेली, एका वयाची ही दोघं लहानपणी अरे-तुरेच करणार. म्हणून सभेत ती ‘आपण’ म्हणते तेव्हा तो आदर नसतो, ते तोंडावर बंद केलेलं दार असतं. त्यालाही उत्तरादाखल ‘तुम्ही’ म्हणू द्या, मुद्दाम, प्रत्येक अक्षरावर जोर देत. आता अख्खी इमारत हे ऐकते आहे. काकू विचारतात, ‘काय गं, याला अहो-जाहो कधीपासून?’

इथून एक जिना बांधा. ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर ती कधी येते? बहुधा उपनिबंधकांच्या कार्यालयात तीन तास एका बाकावर बसल्यावर, डबा वाटून खाताना. आणि ‘तू’ परत कधी येतो? तो गोड क्षणी येऊ नये असं मला मनापासून वाटतं. जिन्यातलं प्लास्टर कोसळायला लागतं आणि ती ओरडते, ‘कौस्तुभ, बाजूला हो!’ धूळ खाली बसते. दोघंही ठीक आहेत. दोघांनाही ऐकू आलं आहे ते ‘हो’. दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर नोटीस: ‘सर्व सभासदांनी आपापल्या जबाबदारीवर जिन्याचा वापर करावा.’ ती पुन्हा मागे सरकली. आणि तो, आधी जो सायकल आणि दात काढून लगट करत होता, तो आता आपणहून ‘तुम्ही’वरच थांबतो. ‘तू’ म्हणायचं की नाही ते तिच्यावर सोडतो. त्या थांबण्यात त्याचं प्रेम मला पाठलागाच्या शंभर प्रसंगांपेक्षा जास्त दिसेल. एक सांभाळा: शेवटी तिच्या तोंडी नवऱ्यासाठीचं ‘अहो’ घालू नका. आजच्या पार्ल्यातली एकतीस वर्षांची ही मुलगी ते फक्त चिडवायला म्हणेल, आणि तसं एकदाच म्हणाली तर बहार येईल.

संवादांबद्दल फार सांगायची गरज नाही, तुमचा कान चांगला आहे. एवढंच करा, की प्रत्येक उत्तरात समोरच्याचा एखादा शब्द पकडून परत फेकला जाऊ द्या, आणि दर भांडणानंतर कोण जिंकलं याची नोंद ठेवा. सध्या पहिल्या आठ भांडणांत तो सहा जिंकतो.

कथेच्या मध्याबद्दल मात्र बोलायला हवं. तुमच्या मध्यावर मसुरीची सहल आहे आणि त्या सहलीत सगळं आपोआप जुळतं. गाव बदललं, थंडी पडली, शेकोटी पेटली, प्रेम झालं. हे ऋण काढून केलेलं लग्न आहे. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या एकूण ६१ प्रकरणांपैकी ३४व्या प्रकरणात, म्हणजे निम्मी कादंबरी नुकती सरल्यावर, नायक पहिल्यांदा मागणी घालतो आणि ती इतक्या उर्मट शब्दांत घालतो की नायिका त्याला झिडकारते. ३५व्यात तो तिला पत्र देतो, आणि ३६व्यात ती ते पत्र एकटीने, पुन्हा पुन्हा वाचते. दोनशेहून अधिक वर्षं या जातीच्या कथा ज्या सांगाड्यावर उभ्या राहिल्या तो हा: प्रेम मध्यावरच बोललं जातं, पण चुकीच्या तोंडाने, मग नवी माहिती हाती येते, आणि मन बदलतं ते समोरासमोर नव्हे, एकांतात. वादात कुणाचंच मत बदलत नाही. रात्री दिवा मालवल्यावर बदलतं.

तुमच्या कथेत हे असं बसेल. सभा फिसकटते, बारा-बारा. कौस्तुभ तिला गच्चीवर गाठतो, थकलेला, चिडलेला, आणि त्याच्या तोंडून निघून जातं: ‘माझ्या आईच्या गुडघ्यांवर उभी राहून तू जिंकतेस हे दिसतंय मला, आणि तरीही तू आवडतेस.’ इतकं खरं आणि इतकं वाईट वाक्य! इथे तोही पुन्हा ‘तू’वर घसरला आहे, रागात. ती काही बोलत नाही. सकाळी त्याच्या दाराशी एक फाइल ठेवलेली असते: तिच्या आईच्या वडिलांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या इमारतीची, भाडं थांबल्याच्या पत्रांची, एकामागून एक तारखांची, आणि शेवटी एका दाखल्याची. तिच्यावर एकच ओळ, ‘वाचून परत करावी.’ तो दिवसभर वाचतो. आणि त्याच दुपारी ती मुद्दाम काकूंना, म्हणजे कौस्तुभच्या आईला, आधार देत तिसऱ्या मजल्यावरून खाली आणते, पायऱ्या मोजते, कुठल्या पायरीवर काकू थांबतात ते बघते. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या रात्री, तळमजल्यावरच्या सगळ्या पोरांना याच काकूंनी वर नेऊन खिचडी खायला घातली होती, मृण्मयीलाही. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. ही आठवण तुम्ही पहिल्या प्रकरणात सांगून टाकली आहे. ती इथपर्यंत राखून ठेवा, इथे ती पायऱ्यांसोबत येऊ द्या.

शेवटच्या भागात तुम्ही एक गैरसमज योजला आहे: तिला वाटतं, त्याने बिल्डरकडून पैसे घेतले. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ १९१६ सालचं; गैरसमजावर अख्खं नाटक कसं उभं करावं याचा तो वस्तुपाठच, आणि आपण आजही ते हसत हसत बघतो. पण तिथे संशय हाच कथेचा प्राण आहे, पात्रं मुळातच संशयी आहेत. तुमची मृण्मयी कागद तपासणारी बाई आहे. ती संशय घेणार नाही, ती बँकेचा उतारा मागेल. जो गैरसमज एका फोनने मिटला असता त्यासाठी साठ पानं रडायला वाचक तयार होत नाही. ताटातूट त्यांच्या स्वभावातून येऊ द्या. फाइल वाचून कौस्तुभ स्वतः चौकशी करतो आणि त्याला कळतं, की चौदा मजल्यांना परवानगी मिळालेलीच नाही, बिल्डरने द्यायच्या बँक हमीचाही पत्ता नाही. हे त्याने सभेत सांगितलं तर आईची लिफ्ट गेली. नाही सांगितलं तर मृण्मयी गेली. तो सांगतो. आणि त्याच सभेत ती उठून म्हणते, की हा बिल्डर नको, पण पुनर्विकास हवा, नव्याने निविदा मागवा, आणि तोवर जिन्याला कठडा व खुर्ची-लिफ्ट बसवा. दोघं पुन्हा कडाकडा भांडतात, चित्रण चालू असतं, फक्त या वेळी तो तिचे मुद्दे मांडतो आणि ती त्याचे. ‘घाई करून आजोबांसारखं व्हायला नको!’ असं तो ओरडतो. ‘आणि काकूंनी किती वर्षं थांबायचं?’ असं ती. तळमजल्यावरच्या आजोबांना काही उमगत नाही, ते विचारतात, ‘मग मी आता कुणाच्या बाजूने?’ माझ्या मते तुमची कादंबरी इथे शिखरावर पोचते, आणि कुणी कुणाला जिंकलेलं नसतं.

राहिला शेवट. विमानतळावरची धावपळ काढून टाका. विमानतळ जवळ आहे एवढंच तिचं कारण दिसतं. तुमच्या या दोघांची खरी भाषा नोटिशीची आहे, तर शेवट फलकावर करा. सभेच्या विषयपत्रिकेत अखेरचा विषय नेहमीचाच असतो: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. आता सहयोगी सभासद झालेला कौस्तुभ रीतसर लेखी अर्ज देतो, की या सदराखाली एक विषय मांडायचा आहे, परवानगी असावी. विषयाचं स्वरूप: वैयक्तिक. सेक्रेटरी अर्जात एक चूक काढते. खरी असते. तो दुरुस्त करून आणतो. दुसऱ्या दिवशी फलकावर तिच्या अक्षरात उत्तर लागतं, चार ओळींचं, ‘आपला दिनांक अमुकचा अर्ज मिळाला’ असं सुरू होणारं. सगळी इमारत ते वाचून पुढे जाते. कौस्तुभ तेवढा थांबून ‘कृपया’ मोजतो. ते किती वेळा असावं, हे तुम्ही ठरवा, आणि नवी चौदा प्रकरणं झाली की पहिल्यांदा मला ते सांगा.